नारदाकडचा तुकडा

श्रीपाद करमरकरांनी सांगलीजवळचा प्लॉट विकायचं ठरवलं, ही गोष्ट त्यांच्या बायकोच्या आधी त्यांच्या प्रवासाच्या ॲपला कळली.

मिरजेच्या घरात तालीम चालली होती. वैजयंती, श्रीपादांची धाकटी बहीण, पदर खोचून, झांज हातात घेऊन उभी. श्रीपाद पेटीवर, नौशादभाई तबल्यावर. पूर्वरंगाचा निरूपणाचा भाग संपत आला होता, तेवढ्यात श्रीपादांच्या खिशातून गोड आवाज आला, "प्लॉटच्या विक्रीबद्दल अभिनंदन, श्रीपादजी. मॉरिशसमध्ये आता जरा वरचं हॉटेल बघू का?"

तबला थांबला. स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कुठला प्लॉट?"

"काही नाही गं, ॲप आहे. बोलतं काहीबाही."

"काहीबाही नाही बोलत ते. परवा माझ्या गुडघ्यांसाठी पट्टे सुचवले त्यानं. मी त्याला गुडघे दाखवले नव्हते."

श्रीपादांची मुलगी ईरा दारात उभी राहून हसत होती. ती कॉलेजात गणित शिकवायची आणि वडिलांची फजिती झाली की तिला वेळेवर घरी पोचायची देणगी होती. "बाबा, या सहलसखी ॲपला तुम्ही काय काय दिलंत?"

"पासपोर्ट, तिकिटं. व्हिसासाठी बँकेचे कागद. कॅलेंडर तिनं स्वतःच वाचलं. एकदा दिलं की सगळं नीट लावून ठेवते बिचारी. फुकट आहे."

"आणि कॅलेंडरात मंगळवारी रजिस्ट्रार ऑफिस. तिला कोणी सांगितलं नाही, तिनं जुळवलं. चार साधे कागद शेजारी ठेवले की पाचवा न दिलेला कागद वाचता येतो. त्या कंपनीचा धंदाच तो आहे. तो पाचवा कागद ती हॉटेलवाल्याला विकते, विमेवाल्याला विकते."

सगळे हसले. वैजयंती हसली नाही. तिचा हात नकळत गळ्याकडे गेला होता.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी तिला पडद्यावर तिच्या स्वरतंतूवरची गाठ दाखवली होती. लहानशी होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी. शस्त्रक्रिया प्रवासाहून आल्यावर केली तरी चालेल असं ते म्हणाले. नंतर आवाज पहिल्यासारखा येईल का, या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसला. "येतोही. नाहीही."

मॉरिशसच्या त्या गावात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची भजनं टिकली, आरत्या टिकल्या, पण गादीवर उभं राहून कोणी कीर्तन केलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. निमंत्रण आलं तेव्हा वैजयंतीनं ते देवापुढे ठेवलं होतं. गाठीचं ऐकून घरी आल्यावर ती पुन्हा देवापुढे बसली आणि तिनं एकच मागितलं, एवढं एक कीर्तन माझ्या गळ्यातून होऊ दे. दादाला कळलं तर तो त्याच दिवशी तिकिटं रद्द करेल हे तिला ठाऊक होतं. आणि श्रोत्यांना कळलं तर ते कीर्तन ऐकणार नाहीत, तिची कीव करत बसतील. देवाच्या नावापेक्षा तिचा गळा मोठा होईल.

"चला, पुढे," श्रीपाद म्हणाले. "काळी दोननं धरतो गं वैजू, जरा खालून. पेटीतली नेहमीची काळी चार अडकते आहे."

---

दुसऱ्या दिवशी वैजयंती ईराच्या खोलीत जाऊन बसली.

"मला प्रवासासाठी असं काही दे की ज्यात माझे कागद राहतील आणि कोणाला दिसणार नाहीत. तुझ्या बाबांनासुद्धा."

ईरानं तिच्याकडे पाहिलं. काय आहे त्या कागदांत, हे तिनं विचारलं नाही. तिनं लॅपटॉप उघडला आणि दुपारभर एकेका ॲपची उलटतपासणी केली. माझे कागद तू कुठे ठेवतोस? तुझ्या मालकाला ते उघडता येतात का? तू उद्या बंद पडलास तर माझं सामान मला परत नेता येईल? नेटवर्क नसेल तर चालतोस? एकानं "तुमची गोपनीयता आम्हाला प्रिय आहे" असं म्हणून लोकेशन, संपर्क आणि मायक्रोफोन तिन्ही मागितले. ईरानं त्याला कपाळावर हात मारून निरोप दिला.

शेवटी उरलं "गाठोडं". एका सहकारी संस्थेनं बनवलेलं, वर्षाला थोडी वर्गणी, दिसायला साधं. तिकिटांचे रंगीत फोटो नाहीत, गोड बोलणं नाही.

"हे तुझं सामान बांधतं आणि कुलूप लावतं. कुलूपबंद गाठोड्याची एकेक प्रत तू निवडशील त्या चार राखणदारांच्या फोनमध्ये राहते. किल्ली फक्त तुझ्या फोनमध्ये. तुझा फोन गेला, तर चारांपैकी कुठलेही तीन राखणदार एकत्र आले की किल्ली पुन्हा तयार होते."

"म्हणजे त्यांच्याकडे किल्लीचे तुकडे असतात."

"तुकडे म्हटलं की आपल्याला वाटतं, फाटलेली नोट. अर्धी हातात आली तर अर्धं वाचता येतं. हे तसं नाही, आत्या." ईरानं भिंतीजवळ जमिनीवर खडूनं एक ठिपका काढला. "समज, कोणीतरी चेंडू फेकला. तो कमान करून गेला आणि या भिंतीवर कुठेतरी आदळला. कुठे आदळला, तो आकडा म्हणजे किल्ली. राखणदाराला मी फक्त एवढंच सांगते की चेंडू या ठिपक्यावरून गेला. आता सांग, भिंतीवर कुठे लागला?"

"कसं सांगणार? एका ठिपक्यावरून हव्या तेवढ्या कमानी जातील."

"दुसरा ठिपका दिला तर?"

वैजयंतीनं हवेत बोट फिरवून पाहिलं. "तरी जातील. कुठेही आदळेल."

"भिंतीचा प्रत्येक बिंदू तेवढाच शक्य. दोन राखणदार फितूर होऊन जगातलं सगळ्यात मोठं यंत्र घेऊन बसले, तरी त्यांना काही शोधता येत नाही. शोधणं अवघड असतं असं नाही. त्यांच्याजवळ शोधण्यासारखं काही नसतंच. आणि तिसरा ठिपका आला, की," ईरानं खडू सरसर ओढला, "एकच कमान. भिंतीवर एकच जागा."

वैजयंती बराच वेळ त्या खडूच्या रेषेकडे पाहत राहिली. तीन ठिपक्यांपैकी एकातही नसलेली गोष्ट तीन एकत्र आल्यावर भिंतीवर उभी होती. कीर्तनातही असंच होतं, ती मनात म्हणाली. तबल्यात देव नसतो, पेटीत नसतो, माझ्यात तर नसतोच.

"हे कोणी शोधलं?"

"जुनं आहे. तू जन्मायच्या आधीचं. गणितवाल्यांनी शोधलं आणि लोकांपर्यंत यायला इतकी वर्षं लागली. एक लक्षात ठेव, तुकडा फोनवरून पाठवता येत नाही. समोर येऊन, फोनला फोन लावूनच देता येतो. नाहीतर भामटे गोड बोलून काढून घेतील. आता राखणदार सांग."

"दादा, नौशादभाई, तू."

"मी इथंच आहे, परीक्षा आहेत. चौथा बरोबर येणारा हवा. भरवशाचा, कायम जवळ असणारा, न रागावणारा."

"आहे एक," वैजयंती म्हणाली.

करमरकरांच्या घरी कीर्तन संपल्यावर प्रसादाचा पहिला वाटा गादीपाशी नारदासाठी काढून ठेवायची रीत होती. कीर्तनाची गादी त्याची, आपण फक्त तिच्यावर उभे राहतो, म्हणून. संध्याकाळी वैजयंतीनं ट्रंकेतून आपला जुना फोन काढला. त्याच्यावर ती तानपुरा लावायची. खरा तानपुरा विमानात नेता येत नसे, म्हणून दौऱ्यावर हाच गादीशेजारी वाजत राहायचा. तिनं त्याच्यात गाठोडं घातलं आणि राखणदाराच्या नावापुढे लिहिलं, नारद.

ईराला ते दोन दिवसांनी कळलं. "आत्या, राखणदार माणूस हवा. तो फोन कोणीही उचलून नेईल."

"नेऊ दे की. एका तुकड्यात काही नसतं, तूच म्हणालीस."



---

मॉरिशसच्या विमानतळावर माणसाऐवजी एक काचेची चौकट उभी होती. तिनं विचारलं, प्रवास करण्यास योग्य आहे का? सोबतच्या औषधाला परवानगी आहे का? वैजयंतीच्या फोननं दोनदा उत्तर दिलं, हो. बस. डॉक्टरांचं नाव नाही, गाठीचं नाव नाही. ईरानं सांगितलं होतं, हा नुसता शब्द नाही, शब्दाबरोबर त्याचा पुरावा जातो. खरं असल्याशिवाय तयारच होऊ शकत नाही असा पुरावा, आणि तरी त्यातून "हो"च्या पलीकडे काही गळत नाही. चौकट हिरवी झाली. मागे श्रीपादांच्या सहलसखीनं त्यांची मधुमेहाची गोळी, बुटाचा नंबर आणि घोरण्याची तक्रार सगळं चौकटीला सांगून टाकलं. ते पलीकडे आले तेव्हा एक दुकान त्यांना बिनसाखरेची मिठाई घ्या म्हणत होतं.

"हिला काही विचारलं नाही," ते नौशादभाईंना म्हणाले.

"विचारलं, दादा. तिनं हो म्हटलं."

यजमान न्यायला आले होते. नाव बाळाराम, आडनाव सखाराम. खापरपणजोबांचं नावच बोटीवरून उतरताना आडनाव म्हणून लिहिलं गेलं होतं. त्यांचं मराठी जुन्या कोकणी वळणाचं, मध्येमध्ये तिथल्या क्रिओल बोलीतले शब्द. "बाय, तुमी आलाव. गावात सगली वाट बगतात."

कीर्तनाच्या दिवशी सकाळी वैजयंती समुद्रावर गेली. पाणी इतकं नितळ की गुडघ्याएवढ्या खोलीतली आपली पावलं तिला स्पष्ट दिसत होती. पूर्वेला सूर्य नुकता वर आला होता. परक्या बेटावर तोच तो, हे पाहून तिला भरून आलं. नऊवारीत होती, फोन कनवटीला. तिनं वाकून ओंजळ भरली आणि अर्घ्य दिलं. दुसऱ्यांदा वाकली तेव्हा कनवटीचा पीळ सुटला.

तळाशी फोन काही क्षण उजळलेला दिसला. मग विझला.

तिनं तो वर काढून पुन्हा पुन्हा दाबला, पण पडदा उजळला नाही. संध्याकाळी कीर्तनाच्या आधी गावातल्या दवाखान्यात तिला सोबत आणलेलं इंजेक्शन घ्यायचं होतं. गाठीभोवतीची सूज काही तास उतरवणारं. त्याशिवाय गेले पंधरा दिवस तिचा आवाज पूर्वरंगातच फाटत होता. डॉक्टरांच्या सहीचा कागद असल्याशिवाय दवाखाना ते देणार नव्हता. डॉक्टर परदेशात परिषदेला गेलेले, फोन बंद. आणि तो कागद फक्त गाठोड्यात होता.

---

देवळाच्या मंडपात पताका लावणं चालू होतं. समोर गादी घातली होती, शेजारी देवळाची पेटी, आणि जुना फोन मंद सुरात गुणगुणत होता. बाळारामांनी बायकोचा कपाटातला फोन आणून दिला. फोन समुद्रात पडला आणि संध्याकाळी दवाखान्यात जायचं आहे, एवढंच सांगून वैजयंतीनं त्यावर गाठोडं उतरवून घेतलं. पडद्यावर तीन रिकामे ठिपके आले.

नौशादभाईंनी लगेच आपला फोन तिच्या फोनला टेकवला. एक ठिपका भरला. त्यांच्या पडद्यावर ओळ आली: तुकडा दिला. आपण काहीही पाहिलेलं नाही.

श्रीपादांनी हात खिशावर ठेवला. "दवाखान्याचं काय म्हणत होतीस?"

"एक कागद लागतोय."

"कसला?"

"दादा, तो सांगायचा नाही म्हणून तर गाठोडं घेतलं."

"मी येतो दवाखान्यात."

"नको."

"मग मीही देत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "लहानपणी तुझ्या दप्तरात काय आहे ते मला माहीत असायचं. आता तुझ्या कागदांना कुलूप, त्याचा राखणदार मी, आणि मलाच दिसायचं नाही. यंत्राला मी बहिणीपेक्षा जवळचा झालो काय?"

"दादा," नौशादभाई म्हणाले, "मी दिला. काय आहे ते विचारावंसं वाटलं नाही."

"तुमची बहीण नाही ती."

"राखी माझ्याही हातावर आहे. बघा, अजून सुटली नाही."

श्रीपादांचा हात खिशावरून हलला नाही. मग त्यांना काहीतरी सुचलं. "आणि मी दिला तरी काय? तीन लागतात. ईरा मिरजेत. चौथा कोण?"

"नारद," वैजयंती म्हणाली.

पताका लावणारी माणसंही वळून पाहू लागली. तिनं गादीशेजारच्या तानपुऱ्याकडे बोट केलं.

नौशादभाई आधी हसले, मग हसता हसता थांबले आणि त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला.

वैजयंतीनं पुढे वाद घातला नाही. तिनं उपरणं खांद्यावर टाकलं आणि मंडपाचा आवाज कसा घुमतो ते पाहायला, कुठल्याही गावी करायची तशी, गादीला नमस्कार करून तिच्यावर उभी राहिली. मागणं देवापुढे ठेवून झालं होतं. आता व्हायचं ते होईल. समोर मोकळी सतरंजी, पलीकडे उसाची शेतं, त्याच्या पलीकडे समुद्राची निळी पट्टी.

श्रीपाद पेटीकडे निघाले. आणि गादीपाशी येताच, आयुष्यभर करत आले तसे, ते वाकले. थोरला भाऊ असला तरी गादीवरच्या माणसाला वाकूनच साथीला बसायचं. बाप असला तरी. गादीवर उभा राहिलेला कोणाचा कोण राहत नाही, त्याचं नावगाव विचारायचं नाही, जाब विचारायचा नाही. वडिलांनी त्यांना हे पेटी शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं.

ते वाकले ते तसेच राहिले. कपाळ गादीच्या काठाला टेकलेलं. तानपुरा कानाशी गुणगुणत होता.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दक्षिणा ठेवावी तसा गादीच्या काठावर, जुन्या फोनला चिकटवून ठेवला. वैजयंतीनं खाली वाकून बाळारामांनी दिलेला फोन त्या दोघांशेजारी ठेवला.

दुसरा ठिपका भरला. तिसरा जरा थांबून भरला. तानपुऱ्याचा सूर मध्ये तुटलासुद्धा नाही. नारदानं गाता गाता आपला वाटा परत केला होता.

पडद्यावर गाठोडं सुटलं: पासपोर्ट, तिकीट, डॉक्टरांची सही. क्षणापूर्वी ती किल्ली जगात कुठेही नव्हती. कोणा माणसाच्या डोक्यात, कुठल्या कंपनीच्या तिजोरीत, तीन फोनांपैकी एकातही नाही. तीन न जाणणारे एकमेकांना टेकले आणि ती झाली. वैजयंतीनं हात जोडले. कोणाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

श्रीपादांच्या पडद्यावर ओळ आली: तुकडा दिला. आपण काहीही पाहिलेलं नाही. त्यांनी ती वाचली, फोन खिशात टाकला, आणि म्हणाले, "जा. उशीर करू नकोस."

---

ती दवाखान्यातून परतली तेव्हा मंडप भरला होता. म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसून आल्या होत्या. कोणी मुद्दाम शिकून घेतली होती, निऱ्या चुकलेल्या. पोरं क्रिओलमध्ये कुजबुजत होती. वैजयंती गादीवर उभी राहिली. बाळाराम सखारामांनी येऊन तिला वाकून नमस्कार केला, आणि त्यांच्या मागे अख्खा गाव उठून वाकला. असं करायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तिला वाटलं होतं, आवाज कसाबसा टिकेल. पण पहिलं नमन सुरू झालं आणि सूर सहज बसला, जणू कोणी खाली हात धरला आहे. वरच्या स्वराला ती घाबरत घाबरत गेली. तो आधीच खाली येऊन तिची वाट पाहत उभा होता. मध्यंतरात हार घातला गेला, बुक्का लागला. उत्तररंगात समुद्रावर दगडांचा सेतू बांधणाऱ्यांचं आख्यान रंगलं. कोणाला अख्खा सेतू ठाऊक नव्हता, प्रत्येकाला आपला एकच दगड ठाऊक होता, असं ती म्हणाली तेव्हा समोरची एक म्हातारी डोळे पुसू लागली आणि शेजारच्या नातवाला क्रिओलमध्ये अर्थ सांगू लागली.

आरती झाली. प्रसादाचा पहिला वाटा तानपुऱ्यापुढे ठेवला गेला. माणसं पांगली, नौशादभाई तबल्याला खोळ घालू लागले.

वैजयंती पेटीजवळ येऊन बसली. "आज कुठला सूर धरला होतास?"

"काळी दोनच. काळी चार अडकते."

"ती आपली पेटी. ही देवळाची आहे."

श्रीपाद भात्याची पट्टी लावत होते. "हिचीही अडकते."

तिनं भाता हलवला आणि काळी चारवर बोट ठेवलं. सूर स्वच्छ वाजला. रिकाम्या मंडपात फिरला, उसावरून पलीकडे गेला. तिनं पुन्हा वाजवला. पुन्हा तसाच.

महिनाभर. प्रत्येक तालमीला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मला काही ठाऊक नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "किती खाली घ्यायचं तेवढं कानाला कळतं. का, ते कळत नाही. तू सांगितलं नाहीस."

तिचं बोट पट्टीवरच होतं. भाता संपला आणि सूर हळूहळू मिटला. शेजारी तानपुरा अजून चालू होता.

"दादा," ती म्हणाली, "तो फोन बंद करू नकोस इतक्यात. बस इथे. तुला एक सांगायचं आहे."